अडले ते सांगावे

(मंडळाच्या पंचविसाव्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी “यंदा तुम्ही चार शब्द बोला” असे सांगितले, तेव्हा मी नाहीच म्हणणार होते. माझे शिक्षण सातवीपर्यंत. गावात पुढची शाळा नव्हती आणि मुलीला तालुक्याला पाठवायची आमच्या घरी रीत नव्हती. माझ्यासारखीने बोलायचे तर लोणच्या-पापडांवर बोलावे, फार तर सणावारांवर. पण मी निवडलेला विषय ऐकून चिटणीसबाई हसल्याच. सॉफ्टवेअरच्या कंपन्यांत माणसे मिळून काम कसे करतात, हा माझा विषय. त्यांच्या त्या पद्धतीला ‘अजाईल’ म्हणतात. अजाईल म्हणजे चपळ, वेळ येईल तसे वळणारे.

तुम्ही म्हणाल, हिला हे कोठून कळले? तर सांगते.

२०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली ती आपल्या सर्वांच्या लक्षात आहे. माझी लेक त्याआधी सहा-सात महिने पुण्याच्या एका कंपनीत नोकरीला लागली होती. कंपनीने सर्वांना घरून काम करायला सांगितले. आमचे घर दोन खोल्यांचे. बाहेरच्या खोलीत हे आणि सासूबाई, म्हणून लेकीने आपला संगणक स्वयंपाकघरात मांडला. गव्हाच्या पिंपावर एक फळी टाकली, झाली तिची कचेरी. एका बाजूला माझा कुकर आणि दुसऱ्या बाजूला तिची कंपनी.

रोज सकाळी दहाच्या ठोक्याला त्यांची सभा भरे. आठ-नऊ माणसे, कोणी नागपूरला, कोणी सांगलीला, आपापल्या घरी बसलेली. प्रत्येकाने तीन गोष्टी सांगायच्या. काल काय केले, आज काय करणार आणि कोठे काही अडले आहे का. पंधरा मिनिटांत सभा आटोपे. मी भाजी चिरता चिरता ऐकत असे. तिच्या तोंडी सारखा ‘स्क्रम’ हा शब्द येई, आणि मला तो ‘क्रम’ असा ऐकू येई. मला वाटे, ही मंडळी रोज कसला क्रम लावतात? एक दिवस विचारले. मग दुपारी जेवताना ती थोडे थोडे सांगू लागली. दोन वर्षे ती घरून काम करीत होती, तेवढ्यात माझीही एक शाळा झाली म्हणा ना.

पूर्वी सॉफ्टवेअर कसे करीत, ते आधी सांगते. गिऱ्हाईकाला काय काय हवे ते सगळे पहिल्यांदा लिहून काढायचे. मग आराखडा करायचा, मग बांधायचे आणि शेवटी तपासायचे. ह्या रीतीला धबधबा म्हणतात, कारण पाणी एकदा खालच्या पायरीवर आले की वर जात नाही. वर्ष-दोन वर्षांनी माल गिऱ्हाईकापुढे जायचा आणि ते म्हणायचे, हे आम्हाला नको होते. किंवा म्हणायचे, हवे होते तेव्हा हवे होते, आता आमचे काम बदलले.

ह्यात केवढे नुकसान होते पाहा. अमेरिकेत एफ. बी. आय. नावाचे मोठे तपास खाते आहे. तपासाचे कागद संगणकावर आणण्यासाठी त्यांनी एक सॉफ्टवेअर करायला घेतले. सतरा कोटी डॉलर खर्च झाले आणि २००५ साली ते सोडून द्यावे लागले. दुसऱ्या वर्षी पुन्हा नवे काम काढून एका मोठ्या कंपनीला दिले. तेही रखडले. अखेर २०१० साली खात्याने काम आपल्या हाती घेतले, माणसे कमी केली आणि दोन-दोन आठवड्यांचे तुकडे पाडून ह्या चपळ पद्धतीने करायला घेतले. २०१२ च्या जुलैत ते सॉफ्टवेअर खात्यात वापरात आले.

ही पद्धत कोणा एकाने काढलेली नाही. २००१ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या युटा राज्यात, स्नोबर्ड नावाच्या बर्फाच्या डोंगरावर, ह्या धंद्यातले सतरा जाणते लोक जमले आणि त्यांनी एक छोटा जाहीरनामा काढला. लेकीने त्याचा अर्थ मला असा सांगितला. नियम आणि साधने असावीत, पण त्याहून माणसे आणि त्यांचे आपसातले बोलणे मोठे. कागदपत्र असावेत, पण चालणारी वस्तू आधी. करारमदार असावेत, पण गिऱ्हाईकाला सोबत घेऊन काम करणे बरे. बेत असावा, पण बदल करावा लागला तर करावा. मी विचारले, त्या सतरांत बायका किती? ती म्हणाली, एकही नाही. मी म्हटले, एखादी असती तर म्हणाली असती, बाबांनो, पाहुणे वाढले की आमटीत पाणी घालून पुन्हा फोडणी देतात, हे आम्हाला पूर्वीच ठाऊक आहे!

ह्या चपळ पद्धतींतलीच एक म्हणजे ‘स्क्रम’. रग्बी नावाचा एक खेळ आहे, त्यात गडी खांद्याला खांदा लावून, वाकून चेंडूसाठी रेटा देतात, त्याला स्क्रम म्हणतात. आपल्याकडे कबड्डीत साखळी धरतात तशी कल्पना करा. १९८६ साली जपानच्या ताकेउची आणि नोनाका ह्या दोन अध्यापकांनी लिहिले की, नवी वस्तू लवकर काढायची तर एकाने आपला भाग उरकून दुसऱ्याच्या हाती सोपवावा असे करून भागत नाही. सगळ्यांनी मिळून चेंडू पुढे न्यावा लागतो. तोच शब्द पुढे अमेरिकेच्या जेफ सदरलंड आणि केन श्वेबर ह्यांनी घेतला आणि १९९५ साली सॉफ्टवेअरसाठी ही पद्धत जाहीरपणे मांडली. स्नोबर्डच्या त्या सतरांत हे दोघेही होते.

आता त्यात कोण काय करतो ते सांगते. माणसे तीन प्रकारची.

पहिला ‘प्रॉडक्ट ओनर’. लग्नघरात आचाऱ्याला एक जण सांगतो जिलबी करा, दुसरा सांगतो श्रीखंड करा. म्हणून शहाणे लोक एकच माणूस नेमतात आणि सांगतात, काय ते ह्यांना विचारा. तसा हा माणूस. गिऱ्हाईकाला काय हवे ते त्याने समजून घ्यायचे, कामांची एक यादी ठेवायची आणि आधी काय व्हावे हे ठरवायचे. यादी सदा बदलते, पण तिचा क्रम लावणारा एकच. म्हणजे मला ‘क्रम’ ऐकू येत होते, ते अगदीच चुकीचे नव्हते.

दुसरा ‘स्क्रम मास्टर’. हे ऐकून माझ्या डोळ्यांपुढे छडीवाले मास्तर उभे राहिले. पण हा माणूस हुकूम सोडीत नाही आणि कामही वाटून देत नाही. ठरल्या रीतीने काम चालले आहे ना हे पाहायचे, आणि कोणाचे अडले असेल तर ती अडचण दूर होईल असे करायचे, हे त्याचे काम. लेकीच्या संघात हे काम एक बाई करीत. मी लेकीला म्हटले, ह्या बाई स्वतः काहीच करताना दिसत नाहीत, नुसत्या सगळ्यांना विचारतात. ह्यांना पगार कशाचा? ती म्हणाली, “आई, तू दिवसभर काय करतेस असे कोणी विचारले तर तुला राग येतो ना?” मी गप्प बसले.

तिसरे ‘डेव्हलपर’, म्हणजे प्रत्यक्ष करणारे. लिहिणारे आणि तपासणारे दोन्ही त्यातच आले. सगळा संघ मिळून दहा जणांचा किंवा त्याहून लहान. आणि मला फार आवडले ते हे, की एका फेरीत किती काम पेलेल, हे करणारेच ठरवतात.

फेरीला ‘स्प्रिंट’ म्हणतात. ती महिन्याहून मोठी करीत नाहीत. लेकीकडे दोन आठवड्यांची असे. सुरुवातीला सगळे बसून ह्या फेरीत काय करायचे ते ठरवतात. पुष्कळ ठिकाणी त्यासाठी पत्ते वापरतात. प्रत्येकाजवळ आकड्यांचे पत्ते. एखादे काम किती जड वाटते त्याचा पत्ता प्रत्येकाने काढायचा आणि सर्वांनी एकदमच उघडा करायचा. कारण एखादा वडीलधारा आधी बोलला की बाकीचे त्याच्याच मागून माना डोलावतात. ज्याचा आकडा सर्वांत मोठा आणि ज्याचा सर्वांत लहान, त्यांनी कारण सांगायचे. अध्यक्षबाईंची माफी मागून सांगते, आपल्या सभेत त्या आधी बोलल्या की आपण सगळ्या हो म्हणतो, आणि खरे काय वाटले ते जिन्यात बोलतो!

मग ‘झाले’ ह्या शब्दाचा अर्थ ते आधीच ठरवून ठेवतात. आपण म्हणतो, चकल्या झाल्या. झाल्या म्हणजे काय? तळून झाल्या? गार झाल्या? की चाखून, तोलून, डबे भरून झाल्या? जो तो आपल्या मनाने अर्थ घेतो आणि शेवटी भांडण होते. तेथे नुसते लिहून ठेवलेले काम झालेल्यात धरत नाहीत. दुसऱ्याने पाहिलेले, तपासलेले, गिऱ्हाईकाच्या हाती देता येईल असे असेल, तेव्हाच ते झाले.

फेरीच्या शेवटी दोन बैठका. पहिलीत झालेली वस्तू गिऱ्हाईकाला आणि संबंधित लोकांना दाखवतात, त्यांचे ऐकतात आणि यादी त्याप्रमाणे बदलतात. दुसरी आपली आपली. आपण काम कसे केले, काय जमले, काय नडले आणि पुढल्या वेळी कोणती एखादी गोष्ट बदलू या, एवढेच तिथे बोलतात. चूक कोणाची हे तिथे शोधायचे नसते. चूक कशामुळे झाली हे शोधायचे.

आता लेकीची गोष्ट. त्या पहिल्याच वर्षी श्रावणात ती धड जेवेना, झोपेना. रोज सकाळच्या सभेत तिचे एकच वाक्य मी ऐके, “काम चालू आहे, उद्या होईल.” आठ दिवस हेच वाक्य. एका रात्री पाहिले तर पिंपाशी बसून रडते आहे. म्हणाली, “आई, आठ दिवस एकाच जागी अडले आहे. मला हे जमायचे नाही. मी नोकरी सोडते.” मी म्हटले, “अगं, रोज सभेत विचारतात ना, अडले आहे का म्हणून? मग सांगत का नाहीस?” म्हणाली, “सगळे हुशार आहेत, मीच नवी. काय म्हणतील?” मी म्हटले, “म्हणतील ते म्हणोत. उद्या सांगून टाक.”

दुसऱ्या दिवशी दहा वाजता मी गॅस बंद करून उभी राहिले, शब्दन् शब्द ऐकू यावा म्हणून. तिची पाळी आली. ती म्हणाली, “माझे अडले आहे. आठ दिवस झाले.” क्षणभर कोणी बोलेना. मग त्या स्क्रम मास्टर बाई म्हणाल्या, “बरे झाले सांगितलेस. सभा संपली की आपण दोघी थांबू.” दुपारी दोनला काम सुटले. झाले होते काय, तर ज्या भागात तिला काम करायचे होते तो उघडण्याची परवानगीच तिला कोणी दिली नव्हती. कुलूप घातलेल्या दारावर पोर आठ दिवस डोके आपटीत होती, आणि आपल्यालाच अक्कल नाही असे समजत होती. फेरीच्या शेवटच्या बैठकीत त्यांनी दोन नियम केले. नव्या माणसाच्या सगळ्या परवानग्या पहिल्याच दिवशी पाहायच्या. आणि अर्ध्या दिवसाहून जास्त अडले तर उद्याच्या सभेची वाट न पाहता सांगायचे.

भगिनींनो, सगळीकडे असेच छान चालते असे समजू नका. पुढे लेकीने नोकरी बदलली. तिथे हीच सभा, हेच शब्द, पण साहेब वही घेऊन बसे आणि कोणाचे किती राहिले ते टिपून घेई. अडले म्हणणाऱ्याला म्हणे, अजून? मग कोणीच काही सांगेना. पंधरा मिनिटांची सभा तासभर चाले आणि सगळे म्हणत, चालू आहे, उद्या होईल. सोवळे पाळले पण देव्हाऱ्यात देवच नाही, तशी गत. स्नोबर्डच्या त्या सतरांपैकी डेव्ह थॉमस ह्यांनीच २०१४ साली लिहिले की, ‘अजाईल’ ह्या शब्दाचा आता बाजार झाला आहे. तेव्हा सभा भरली म्हणून काम भागत नाही. सांगणाऱ्याला तिथे भीती वाटता कामा नये.

आता जे सांगायचे आहे, त्यासाठीच मी आज उभी राहिले.

२०२३ च्या दिवाळीत आपण एका कारखान्याची दोनशे डब्यांची फराळाची ऑर्डर घेतली होती. चकलीचे काम माझ्याकडे होते. माझ्या चकलीची मीच फार बढाई मारली होती. दुसऱ्या दिवशी वेळ कमी पडू लागला, तेव्हा तळणीवर बसलेल्या वहिनींना मी म्हटले, आच वाढवा. मोठ्या आचेवर चकली बाहेरून लाल दिसते, पण आत कच्ची राहते आणि रात्रीतून मऊ पडते. तिसऱ्या दिवशी सकाळी मी डब्यातली एक चकली मोडून पाहिली. ती मोडली नाही, वाकली. मला तेव्हाच कळले. चिटणीसबाईंनी विचारले, “चकलीचे कसे काय?” मी म्हटले, “चालू आहे, उद्या होईल.”

अगदी तेच शब्द. तीन वर्षांपूर्वी लेकीला मीच शहाणपण शिकवले होते.

मग काय झाले ते तुम्हाला ठाऊक आहे. डबे परत आले. मंडळाला अकरा हजारांचा खड्डा पडला. सगळ्यांनी तळणीवरच्या वहिनींना बोल लावला, आणि त्या बोलण्यात मी मान खाली घालून गप्प बसले. वहिनी मंडळात यायच्या बंद झाल्या. आच मी वाढवायला सांगितली होती, हे मी कोणाला सांगितले नाही. आज सांगते. वहिनींच्या घरी जाऊन मी आधीच माफी मागितली आहे, पण बोल सर्वांसमोर लागला होता, तेव्हा माफीही सर्वांसमोर मागितली पाहिजे. वहिनी, तुम्ही आज मागच्या रांगेत बसला आहात. चूक माझी होती.

२०२४ ची ऑर्डर घेताना मी अध्यक्षबाईंना लेकीकडची रीत सांगितली आणि त्यांनी करून पाहू दिली. आपण काय केले ते थोडक्यात सांगते. गिऱ्हाईकाशी बोलायला एकच बाई नेमली. दसऱ्याआधी एकच डबा पूर्ण भरून दाखवायला पाठवला. तिकडून चिवड्यात साखर कमी करा असे सांगून आले, आणि ते शंभर किलो चिवडा करण्याआधी आले! भिंतीवर तीन रकाने केले, ‘करायचे’, ‘चालू’ आणि ‘झाले’, आणि कामाच्या चिठ्ठ्या चिकटवल्या. जपानच्या टोयोटा मोटारींच्या कारखान्यात अशा चिठ्ठ्यांची रीत होती, तिथून ती इकडे आली असे लेक सांगते. ‘चालू’मध्ये एका वेळी तीनच चिठ्ठ्या, असा नियम केला, म्हणजे सहा कामे अर्धवट पडत नाहीत. रोज अकराला उभ्या उभ्या सभा घेतली. बसलो की गप्पा वाढतात.

सगळे नीट झाले असे नाही. पंख्याने दोनदा चिठ्ठ्या उडाल्या. सभा पंधरा मिनिटांत आटोपल्याचे मला फार तर तीनदा आठवते. पण चौथ्या दिवशी आपल्यातल्या सर्वांत लहान सूनबाई भीत भीत म्हणाल्या, “मला तुपाला वास येतो आहे असे वाटते.” तूप त्यांनी स्वतःच आणले होते, तरी त्या बोलल्या. बेसन भाजायला घेतले होते, ते तिथेच थांबवले. एक डबा तूप गेले, लाडू वाचले. त्या दिवशी त्यांना कोणी बोलले नाही, उलट अध्यक्षबाईंनी सर्वांदेखत शाबासकी दिली. हिशेब पूर्ण झाला तेव्हा आदल्या वर्षीचा खड्डा भरून थोडी रक्कम शिल्लक राहिली होती, पण मला त्या शाबासकीचे मोल अधिक वाटते.

लहानपणी शाळा सुटली, तेव्हा मला पुढे शिकायचे आहे हे मी कोणाला सांगितले नव्हते. सांगून उपयोग झाला असता की नाही, कोण जाणे. पण सांगायचे असते, हेच मला ठाऊक नव्हते. आपल्या मुलीबाळींना आणि सुनांना तेवढे तरी ठाऊक असावे. आणि त्यांनी सांगितले की आपण ‘अजून?’ असे म्हणू नये, ‘बरे झाले सांगितलेस’ असे म्हणावे.

यंदाच्या ऑर्डरीची पहिली सभा सोमवारी अकराला आहे. वहिनी, तळणीची जागा तुमचीच आहे. या, आणि आच किती ठेवायची ते तुम्हीच ठरवा.